परदेशी निघताना ई-सिम की साधे सिम? आधी भारतातला नंबर कुठे ठेवणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुतणीला एमएस्सीसाठी इंग्लंडला सोडायला तुम्ही, तुमचे यजमान आणि सासरे फोंड्याहून निघालात. मुक्काम स्विंडनला दिरांकडे, मध्ये थोडे दिवस पॅरिस आणि लिस्बन, मग परत. पुतणी वर्षभर तिथेच राहणार. एका दुकानदाराने ई-सिमच (कार्डाशिवाय, फोनच्या आतल्या चिपवर उतरवायचे सिम) घ्या म्हणून सांगितले, नातेवाईक म्हणतात विमानतळावर उतरून तिथले सिम घ्या. आता कोणाचे ऐकायचे?

म्हापशात मोबाइलच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत पक्के झाले आहे. तुमचा भारतातला नंबर प्लास्टिकच्या कार्डावरच राहू द्या आणि परदेशातले नेट ई-सिमवर घ्या. तुम्हा दोघांसाठी एवढे पुरे. सासऱ्यांचे आणि पुतणीचे गणित वेगळे आहे, ते पुढे सांगतो. पण आधी भारतातल्या नंबराबद्दल सविस्तर बोलू, कारण लोक दहा देशांच्या प्लॅनचे दर तासन्‌तास ताडून बघतात आणि या नंबराचा विचार विमानात बसल्यावर करतात.

बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, कार्डाने पैसे देतानाची परवानगी, सगळे त्या एका नंबरावर येते. यूपीआय तर सिमलाच बांधलेले असते. फोन बदलला की ॲप त्या सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करून घेते, त्याशिवाय पुढे सरकत नाही. आता समजा लिस्बनमध्ये फोन हातातून पडला आणि स्क्रीन गेली. नंबर कार्डावर असेल तर सुईने ट्रे उघडायचा, कार्ड यजमानांच्या फोनमध्ये घालायचे, ओटीपी यायला लागले. तोच नंबर ई-सिमवर असेल तर तो बंद पडलेल्या फोनच्या आत सोल्डर केलेल्या चिपवर अडकला. तो दुसऱ्या फोनवर घेण्याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, पण बहुतेक ठिकाणी त्याच नंबरावर एसएमएस मागतात, नाहीतर नोंदवलेल्या ई-मेलवर पडताळणी करतात, आणि तेही जमले नाही तर ओळखपत्र घेऊन स्वतः गॅलरीत, म्हणजे कंपनीच्या दुकानात या म्हणतात. लिस्बनहून पणजीच्या गॅलरीत कोण येणार?

परदेशात घेतलेले ई-सिम गेले तर मात्र फारसे बिघडत नाही. दुसरे विकत घ्यायचे, थोडे पैसे गेले. ज्याची भरपाई होऊ शकते ते चिपवर, ज्याची होत नाही ते कार्डावर, असा माझा हिशेब.

याला एक बाजू दुसरीही आहे. चोराच्या हाती फोन लागला तर कार्ड बाहेर काढून दुसऱ्या फोनमध्ये घालणे त्यालाही तितकेच सोपे, आणि मग तुमचे ओटीपी त्याला दिसतात. ई-सिम असे काढून नेता येत नाही. पॅरिसची मेट्रो आणि लिस्बनची २८ नंबरची ट्राम या दोन्ही ठिकाणी खिसेकापू फिरतात हे जगजाहीर आहे, म्हणून ही भीती पोकळ नाही. तिच्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: सिमची पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक चालू करा. मग कार्ड कुठल्याही फोनमध्ये घातले किंवा फोन बंद करून चालू केला की चार आकडे विचारतो. मूळ पिन कंपनीकडून नीट विचारून घ्या, अंदाजाने दाबू नका. तीनदा चुकली की कार्ड अडकते आणि ते सोडवायला कंपनीचा पीयूके क्रमांक लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की कार्ड कायमचे निकामी. ही पिन घरी बसून, निघायच्या निदान आठवडाभर आधी लावा, म्हणजे हाताला सवय होते. फोनच्या स्क्रीनला लॉक आहे म्हणून सिमला पिन नको असे समजू नका, कार्ड बाहेर आले की स्क्रीनचे लॉक त्याच्या कामाचे नाही.

यात एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. प्रवासाच्या तोंडावर भारतातल्या नंबराशी काहीही खेळ करू नका. डुप्लिकेट कार्ड घेतले किंवा कार्डाचे ई-सिम करून घेतले, तर त्यानंतर २४ तास त्या नंबरावरचे एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणुकीला आळा घालण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेला हा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण संध्याकाळी सिम बदलून पहाटे मोपाच्या विमानतळावर निघालेल्या माणसाला परदेशात उतरल्यावर कार्डाचा ओटीपी मिळत नाही आणि तो फोनला दोष देत बसतो. शिवाय ‘तुमचे सिम ई-सिम करून देतो, आलेला एसएमएस पुढे पाठवा’ असे फोन करून नंबरच पळवणाऱ्या टोळ्या आहेत. कंपनीचे ॲप किंवा गॅलरी, याशिवाय हे काम कोणाच्या सांगण्यावरून करायचे नाही.

आता प्रवासी ई-सिम म्हणजे काय मिळते ते समजून घ्या, कारण इथे अपेक्षा चुकतात. बहुतेक प्रवासी ई-सिमवर फक्त नेट असते, नंबर नसतो. व्हॉट्सॲप तुमच्या भारतातल्या नंबरावरच चालू राहते. मध्येच ‘नंबर बदला’ असे विचारले तर नको म्हणा. नकाशे, तिकिटे, व्हिडिओ कॉल सगळे होते. पण तिथल्या टॅक्सीवाल्याला साधा फोन लावणे किंवा तिथल्या एखाद्या ॲपला स्थानिक नंबर देणे जमत नाही. तुम्हा दोघांना दिरांच्या घरी राहून त्याची गरज पडणार नाही.

दुसरे म्हणजे, या ई-सिम विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. त्या कोणत्यातरी तिसऱ्या देशातल्या कंपनीचे रोमिंग विकतात. त्यामुळे तुम्ही पॅरिसमध्ये असलात तरी तुमचे नेट दुसऱ्याच देशातून फिरून येऊ शकते. वेग थोडा कमी पडतो, आणि एखादे बँकेचे ॲप ‘अनोळखी ठिकाण’ म्हणून कुरकुर करते. अशा वेळी बँकेचे काम दिरांच्या घरच्या वायफायवर उरका. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या खुल्या वायफायवर मात्र नको.

यातूनच एक घोटाळा नेहमी होतो. ई-सिम रोमिंगवर चालत असल्याने त्या लाइनचे डेटा रोमिंग चालू ठेवावे लागते, आणि भारतातल्या सिमचे डेटा रोमिंग बंद. लोक ‘रोमिंग म्हणजे बिल’ या धास्तीने दोन्ही बंद करतात आणि नेट येत नाही म्हणून घाबरतात, किंवा दोन्ही चालू ठेवतात आणि खरोखर बिल येते. आयफोनमध्ये ‘सेल्युलर डेटा स्विचिंग’ नावाचा पर्याय आहे, तोही बंद करा. नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन आपणहून भारतातल्या सिमवर जाऊ शकतो.

खरेदी करताना देशांची यादी वाचा. ‘युरोप’ एवढ्या शब्दावर जाऊ नका. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालते, त्यात नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनही येतात. पण ब्रिटन संघातून बाहेर पडले आहे आणि स्वित्झर्लंड त्यात कधी नव्हतेच. म्हणून फ्रान्स-पोर्तुगालचे सिम इंग्लंडात चालेल असे धरून चालू नका, आणि ब्रिटिश सिम घेऊन पॅरिसला जाताना त्या कंपनीचे युरोपातले शुल्क आधी बघा; काहींनी ते पुन्हा लावले आहे. तुमच्या प्रवासासाठी ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल ही तिन्ही नावे यादीत स्पष्ट लिहिलेला एकच ई-सिम प्लॅन घ्यावा. ‘अनलिमिटेड’ लिहिले असेल तर खालची बारीक अक्षरे वाचा: रोजची ठरावीक मर्यादा ओलांडली की वेग इतका उतरतो की फोटोही जात नाही. हॉटस्पॉटला परवानगी आहे का तेही बघा, सासऱ्यांसाठी ते लागणार आहे. मुदत ई-सिम फोनमध्ये घातल्यापासून सुरू होते की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हे प्रत्येक प्लॅनचे वेगळे असते. शक्यतो दुसऱ्या प्रकारचा घ्या, म्हणजे घरी बसून निवांत घालता येतो.

कुठून घ्यायचे? भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि विकणारा पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागतो. मागितली तर रागावू नका, ती पद्धतच आहे. हे प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून २०२४ च्या जानेवारीत एअरालो आणि होलाफ्लाय या दोन नावाजलेल्या कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढायला लावली होती. म्हणून कोणत्याही समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून क्यूआर कोड विकत घेण्यापेक्षा विचारपूस करता येईल अशा विक्रेत्याकडून घ्या.

आणखी एक मार्ग आहे, तो कोणी आवर्जून सांगत नाही: तुमच्याच भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक. एखादा माणूस तीन दिवस दुबईला लग्नाला जात असेल तर मी त्याला ई-सिमच्या भानगडीत पाडत नाही. पॅक मारा, तोच नंबर, तेच सिम, फोनही येतात. दिवस वाढले की मात्र हे महाग पडते. तुमच्या प्रवासाला ई-सिम बरे, पण भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू आहे का आणि पॅक न मारता ओटीपीचे एसएमएस येतील का, हे कंपनीला विचारूनच निघा. सासऱ्यांचा सोडून येणारा साधा कॉल मात्र पॅकशिवाय उचलू नका, रोमिंगमध्ये तो उचलणाऱ्यालाही पैसे पडतात. घरच्यांना सांगून ठेवा, फोन व्हॉट्सॲपवरच करा.

फोन ई-सिमचा आहे का, हे डायलवर *#०६# दाबून बघा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी म्हणून बत्तीस आकडी क्रमांक दिसला तर आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आली, सॅमसंगच्या एस मालिकेत २०२० च्या एस२० पासून. आयफोन १३ पासून पुढे दोन ई-सिम एकाच वेळी चालू राहतात. पण गोव्यात नुसते मॉडेल बघून भागत नाही, कारण इथे कितीतरी घरांत फोन आखातातून किंवा अमेरिकेतून भावाने, मेव्हण्याने पाठवलेला असतो. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनांना सिमचा ट्रेच नसतो, तिथे भारतातला नंबरही ई-सिमवरच ठेवावा लागतो आणि माझा वरचा सल्ला लागू पडत नाही. अशा माणसाने नोंदवलेला ई-मेल चालू आहे याची खात्री करून घ्यावी आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडे पैशांची सोय ठेवावी. चीनसाठी बनवलेल्या बहुतेक आयफोनांत उलट, दोन कार्डे बसतात पण ई-सिम नाही. आणि अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन तिथल्या कंपनीला लॉक असू शकतो. आयफोनच्या ‘अबाउट’मध्ये ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले तरच तो कोणतेही सिम घेईल. ई-सिमचे पैसे भरण्याआधी हे तपासा, नंतर ते सहसा परत मिळत नाहीत.

आता सासरे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो जिओफोन असेल तर त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालतच नाही. ई-सिमचा प्रश्नच येत नाही. घरात पडून असलेला एखादा जुना अँड्रॉइड त्यांना द्या आणि त्यात ब्रिटनचे प्लास्टिकचे प्रीपेड सिम घाला. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमला ओळखपत्राची सक्ती नाही, सुपरमार्केटमध्येही मिळते. दिरांना आधीच आणून ठेवायला सांगा. विमानतळावरच्या दुकानातले प्लॅन सहसा महाग असतात, आणि लांबच्या प्रवासाने दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे रांगेत उभे करू नये. त्यांच्या फोनमध्ये तिघांचे नंबर अधिक चिन्हासकट साठवा. वडीलधाऱ्या माणसाकडे लागणारा, वाजणारा, बोलता येणारा फोन असणे हे मला स्वस्त डेटापेक्षा मोठे वाटते. त्यांना गर्दीत चुकल्यावर व्हॉट्सॲप उघडायला सांगणे योग्य नाही. पॅरिस-लिस्बनच्या दिवसांत त्यांना तुमच्या हॉटस्पॉटवर घ्या, आणि त्यांच्या खिशात हॉटेलच्या पत्त्याचा कागद असू द्या.

पुतणीने प्रवासी ई-सिम फक्त पहिल्या काही दिवसांपुरते घ्यावे. तिला ब्रिटनचा खरा नंबर लागेल: बँक खाते, विद्यापीठ, डॉक्टरकडे नोंदणी, सुटीतले काम, सगळीकडे तोच मागतात. तिने स्थानिक कंपनीचे मासिक प्रीपेड घ्यावे, कार्ड की ई-सिम ते तिच्या सोयीने. तिचे भारतातले कार्ड फोनमध्येच राहू द्यावे. दूरसंचार विभागाने २०२५ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपसारखी ॲप फोनमधल्या चालू सिमशी सतत जोडलेली असावीत असा आदेश काढला. सरकारचा रोख त्यातून कळतो. म्हणून कार्ड काढून पाकिटात ठेवायची जुनी सवय आता सोडलेली बरी.

आणि तो नंबर जिवंत ठेवा. आमच्याकडे सुटीला आलेली कितीतरी मुले रडकुंडीला येतात, रिचार्ज राहिला, नंबर बंद झाला, आणि पुढे तो कंपनीने दुसऱ्याच कोणाला दिला. बँकेचे निरोप त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतात. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते. २०२४ च्या डिसेंबरात ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे सक्तीचे केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. परदेशात राहणाऱ्याला असलाच पॅक हवा, भारतातल्या डेटाचे पैसे कशाला भरायचे? ती निघण्याआधी एक वर्षाचा मारून द्या.

बोटीवर जाणाऱ्यांचेही इथे सांगून टाकतो, कारण चवथीला (गणेशचतुर्थीला) घरी येऊन परत जाताना तेही हेच विचारतात. बंदरात उतरल्यावर ई-सिम किंवा त्या देशाचे कार्ड ठीक आहे. पण बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन बोटीवरच्याच उपग्रहाच्या नेटवर्कला पकडतो. ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा नसते आणि त्याचे दर अंगावर काटा आणणारे असतात. विमानातल्या नेटवर्कचेही तसेच. बंदर सोडताना फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मग वाटल्यास बोटीचे वायफाय चालू करा. युरोपात बंदरामागून बंदर घेणाऱ्या बोटींवर संघातल्या एकाच देशाचे सिम बराच काळ पुरते, मात्र ते कायम दुसऱ्याच देशांत वापरले तर कंपनी जादा शुल्क लावू शकते.

काही देशांत वेगळी सावधगिरी लागते. संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक सिमवर व्हॉट्सॲप कॉल चालत नाहीत. चीनमध्ये स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही बंद. अशा ठिकाणी बाहेरच्या देशातून फिरून येणारे रोमिंगचे नेट उपयोगी पडते, म्हणून तिथे प्रवासी ई-सिमच बरे. तुर्कस्तानने २०२५ च्या जुलैत अनेक ई-सिम कंपन्यांची संकेतस्थळे अडवली, तिथे जाणाऱ्याने घरूनच घालून निघावे.

खरे तर कुठेही जा, घरूनच घाला. ई-सिम उतरवून घ्यायला नेट लागते, आणि परक्या विमानतळावर ते मिळेलच असे नाही. क्यूआर कोड ज्या फोनमध्ये घालायचा त्याच्याच स्क्रीनवर असेल तर स्कॅन कसा करणार? तो यजमानांच्या फोनवर पाठवा किंवा छापून घ्या. आयफोनवर आयओएस १७.४ पासून कोडवर बोट दाबून धरले तरी चालते. घातल्यावर त्या लाइनला ‘प्रवास’ असे नाव द्या, म्हणजे दोन लाइनींची गल्लत होत नाही. बहुतेक कोड एकदाच चालतात, म्हणून नेट आले नाही तर ई-सिम उडवून पुन्हा घालण्याच्या फंदात पडू नका. आधी फोन बंद करून चालू करा, मग नेटवर्क हाताने निवडून बघा, मग विक्रेत्याने दिलेला एपीएन (सेटिंगमधले नेटच्या जोडणीचे नाव) तपासा. बहुधा यातल्याच एकाने काम होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, व्हॉट्सॲपमध्ये कॉलसाठी कमी डेटाचा पर्याय चालू करा, आणि लंडन, पॅरिस, लिस्बनचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. ट्रेची सुई हातातल्या बॅगेत असू द्या. भारतीय कंपनीचा परदेशातून लागणारा ग्राहकसेवेचा नंबर, सिमची पिन सोडून बाकी सगळे तपशील आणि ई-सिमचा कोड एका कागदावर लिहून तो यजमानांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, तुमच्या नाही. तुमचा फोन आणि पर्स एकदम गेली तर तो कागद दुसरीकडे असायला हवा.